दोन दिवसांनी पुन्हा दाखवा



मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली या परिसरातून एवढ्या मोठ्या संख्येने तुम्ही आलात, त्यात आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविकाही आहेत, याचा मला फार आनंद आहे. मागे काही आया मुलांना कडेवर घेऊन उभ्या आहेत. कृपा करून त्यांना बसायला जागा द्या. आणि मूल रडलं म्हणून कोणी उठून बाहेर जाऊ नका. आजचं सगळं बोलणं त्यांच्याचसाठी आहे.

दवाखान्यात मला दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. एक, 'डॉक्टर, जरा चांगलं अँटिबायोटिक द्या, सोमवारपासून परीक्षा आहे.' आणि दुसरं, 'डॉक्टर, अँटिबायोटिक नको हो, फार गरम पडतं, मागच्या वेळी तोंड आलं होतं त्याला.' पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच आईची असतात, महिन्याभराच्या अंतराने बोललेली. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. या औषधानं मूल बरं होताना तिनं पाहिलेलं असतं आणि याच औषधानं मुलाचे हाल होतानाही पाहिलेले असतात. कोणत्या वेळी कोणती बाजू जड धरायची, हे मात्र तिला कोणी सांगितलेलं नसतं.

दुष्परिणाम किती मोठा, हे नुसत्या औषधाकडे बघून ठरत नाही. तराजूला पारडी दोन असतात. एका पारड्यात औषधाचा त्रास, तर दुसऱ्यात काय आहे? दुसऱ्या पारड्यात मुलाचा जीव असेल, तर आम्ही डॉक्टर बहिरेपणाची जोखीमसुद्धा पत्करतो. आणि दुसऱ्या पारड्यात काहीच नसेल, तर दोन दिवसांचे जुलाबही महाग पडले म्हणायचे. मग हे वजन करायचं कोणी, केव्हा, आणि मोहन्यासारख्या ठिकाणी ते करायला सवड मिळते का? व्याख्यानाच्या शेवटी मला या प्रश्नापाशी यायचं आहे.

आधी भरलेलं पारडं बघू.

आपण कल्याण तालुक्यात बसलो आहोत. आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून ही मुलगी डॉक्टर व्हायला निघाली, समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, १८८६ मध्ये एम.डी. झाली. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, क्षयानं गेली. क्षयाच्या जंतूवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. मध्ये छप्पन्न वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत अशी किती माणसं गेली असतील? अँटिबायोटिकच्या नावानं बोटं मोडण्याआधी, मंडळी, हा काळ आठवायला हवा. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पेनिसिलिन आपल्या देशात, आपल्या महाराष्ट्रात तयार होणं ही त्या पिढीला केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चला. गडचिरोली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या खेड्यांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. डॉक्टर गावात नव्हताच. मग औषध देणार कोण? त्यांनी गावातलेच आरोग्यसेवक आणि दाया तयार केल्या. मुलाचे श्वास मोजायचे, ते ठरलेल्या आकड्याच्या वर असतील तर न्यूमोनिया समजायचा आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक द्यायचं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचलात, तर औषध. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. या गावकऱ्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ आजारांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ०.८ होतं. जिथे ही सोय नव्हती त्या गावांत ते शेकडा १३.५ होतं.

हे आकडे पुन्हा ऐका. शेकडा साडेतेरा, आणि शेकडा एकाहूनही कमी.

त्याच्या पुढचं पाऊल आणखी अवघड होतं. घरीच जन्मलेल्या नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले, त्याने दूध ओढणं सोडलं, आणि आईबाप इस्पितळात न्यायला तयार नसले किंवा नेऊच शकले नाहीत, तर? 'सर्च'ने गावातल्या बायकांना जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. जेंटामायसिन कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतं. क्वचित एखाद्या मुलात तर आईकडून आलेला असा गुण असतो की थोड्या मात्रेनेही ऐकू येणं जातं. हे बंग दांपत्याला ठाऊक नव्हतं का? पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते दिलं, कारण समोरच्या पारड्यात बाळाचा जीव होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांतले मृत्यू शेकडा सोळा-सतरांवरून शेकडा तीनच्याही खाली आलेले दिसतात. याला मी वजन करणं म्हणते. धोका डोळ्यांसमोर ठेवून, मात्रा मोजून, दिवस ठरवून घेतलेला निर्णय.

गडचिरोलीची गोष्ट सांगताना लोक निम्मीच सांगतात. अँटिबायोटिकने मुलं वाचली, इतकीच. मला महत्त्वाचा वाटतो तो लाल मणी. त्या मण्यानं एका मुलाला औषध मिळवून दिलं आणि दुसऱ्याला दिलं नाही. ज्याला खोकला होता, नाक वाहत होतं, पण श्वास आकड्याच्या आत होता, त्याला अँटिबायोटिक नव्हतं. कधी शाळेत न गेलेल्या दाईनं हा फरक केला. शहरातल्या दवाखान्यांतून तो होतो का, हा प्रश्न मी माझ्यासकट सगळ्या डॉक्टरांना विचारते.

श्वासांचे आजचे आकडे इथल्या प्रत्येकानं घरी घेऊन जावेत. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. दोन महिने ते एक वर्ष, ५०. एक ते पाच वर्षं, ४०. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, अंगातलं झबलं वर करून, पोटाकडे बघत, पुरं एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, तर आकड्याचीही वाट बघू नका, थेट इस्पितळ गाठा.

आता रिकाम्या पारड्याकडे येऊ.

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो आणि ते मूल निरोगी असतं. हे जवळजवळ सगळे आजार विषाणूंचे. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. विषाणूवर ते काहीच करत नाही. थोडंही नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे आता अँटिबायोटिक लागणार, ही समजूत घट्ट बसली आहे. ती खोटी आहे. साध्या सर्दीतसुद्धा तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतो. खोकला तर दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. पाचव्या दिवशी औषध सुरू केलं आणि सातव्या दिवशी मूल बरं झालं, की श्रेय औषधाला जातं. न देताही ते सातव्या दिवशी बरं झालं असतं, हे सिद्ध करायची संधीच मिळत नाही, म्हणून ही समजूत टिकून राहते.

सर्दीत पारडं अगदी रिकामं. पण काही आजारांत ते थोडंसं भरलेलं असतं आणि खरी पंचाईत तिथे होते. मधल्या कानाचा संसर्ग घ्या. रात्री दोन वाजता मूल कान धरून किंचाळतं. अँटिबायोटिक द्यायचं की नाही? श्रीमंत देशांतल्या हजारो मुलांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या आहेत. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांतल्या साठ टक्के मुलांचं दुखणं चोवीस तासांत थांबलेलं होतं. दोन-तीन दिवसांनंतर एका जादा मुलाचं दुखणं थांबावं म्हणून वीस मुलांना अँटिबायोटिक द्यावं लागलं. आणि दर चौदा मुलांना औषध दिलं, तर त्यातल्या एकाला उलटी, जुलाब किंवा पुरळ यांपैकी काहीतरी झालं, जे औषध न देता झालं नसतं. वीस आणि चौदा. फायदा होणारं मूल एक, त्रास होणारंही साधारण एक. म्हणून दोन वर्षांच्या वरच्या, एरवी ठणठणीत मुलाच्या कानदुखीत आम्ही पॅरासिटामॉल देतो आणि दोन दिवस वाट बघतो. मूल दोन वर्षांच्या आतलं आणि दोन्ही कान सुजलेले, किंवा कानातून पू येतोय, तर मात्र पारडं फिरतं आणि औषध देणं योग्य ठरतं. आजार तोच, औषध तेच, मूल वेगळं, म्हणून निर्णय वेगळा.

दुष्परिणामांकडे येऊ. कारण त्यांची भीती चुकीच्या ठिकाणी जास्त आणि योग्य ठिकाणी कमी आहे, असं मला दिसतं.

सर्वांत जास्त दिसतात ते जुलाब. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्युलॅनिक ॲसिड असलेल्या औषधांनी अधिकच. आतड्यात असंख्य जंतू नांदत असतात आणि ते मुलाच्या पचनाला, प्रतिकाराला मदत करतात. अँटिबायोटिक त्यांनाही मारतं. ही वस्ती पुन्हा बसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. लहानपणी वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत पुढे दमा किंवा लठ्ठपणा अधिक दिसतो असे अभ्यास आहेत, पण औषधामुळेच तो होतो असं त्यावरून म्हणता येत नाही. ज्या मुलाला वारंवार औषध लागलं ते मुळातच वारंवार आजारी पडणारं असू शकतं. घाबरवण्यासाठी हे अभ्यास मी वापरणार नाही. जुलाब मात्र खरे आहेत. अशा वेळी घरातलं एक चित्र मी नेहमी बघते. जुलाब सुरू झाले, की पालक जुलाब थांबवायला आणखी एक अँटिबायोटिक आणतात. सर्दीसाठी एक आणि त्या औषधाने झालेल्या जुलाबांसाठी दुसरं! शीमध्ये रक्त नसेल तर साध्या जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ओआरएस, आणि चौदा दिवस झिंक. स्तनपान चालू ठेवा, भात-वरण द्या. गरम पडलं म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका. तोंडात पांढरी बुरशी धरते किंवा लंगोटाच्या जागी लाल होतं, तेही अँटिबायोटिकने चांगले जंतू मेल्यामुळे होतं आणि साध्या मलमाने, थेंबांनी बरं होतं.

दुसरं पुरळ. अमेरिकेत औषधांच्या त्रासामुळे तातडीच्या विभागात आणलेल्या मुलांत अँटिबायोटिकचा वाटा सर्वांत मोठा आहे, वर्षाला सुमारे सत्तर हजार मुलं, आणि त्यातले बहुतेक ॲलर्जीसदृश त्रास. पण पुरळापुरळात फरक आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी अंगभर चपटे लालसर ठिपके उठले, मूल खेळतंय, तर ते बहुधा निरुपद्रवी असतं, अनेकदा मूळच्या विषाणूचंच असतं. औषध घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वासात शिट्टी वाजू लागली, तर तो आणीबाणीचा प्रसंग, रिक्षा करून थेट इस्पितळ. आणि तोंडात, डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलायला लागली, तर तेही. हे दोन्ही प्रकार दुर्मिळ आहेत, पण ओळखता आले पाहिजेत.

पहिल्या, साध्या पुरळाचं पुढे काय होतं? फाइलवर लाल शाईने लिहिलं जातं, 'पेनिसिलिन चालत नाही'. ते वाक्य त्या मुलाला जन्मभर चिकटतं. ज्यांच्या नावापुढे असं लिहिलेलं असतं त्यांची नीट तपासणी केली, तर दहापैकी नऊ जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. पण तपासणी होत नाही आणि त्या मुलाला प्रत्येक आजारात अधिक भारी, अधिक व्यापक, अधिक महाग औषध दिलं जातं. इथे दुष्परिणाम औषधाचा राहिला नाही, भीतीचा झाला.

भीतीचा याहून मोठा दुष्परिणाम मी तुम्हाला सांगते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा आला आणि तो नीट बरा केला नाही, तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांवर सूज येते. हा संधिवाताचा ताप. एकदा झाला की पुन्हा पुन्हा होऊ शकतो आणि प्रत्येक वेळी झडप अधिक खराब करतो. तो थांबवायचा उपाय जुना, स्वस्त आणि खात्रीचा आहे. दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पण आपल्या देशात कितीतरी दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात. का? क्वचित कधीतरी येणाऱ्या रिॲक्शनची भीती. कंबरेत दुखणारी सुई, त्यात एखाद्या ठिकाणी काही झालं की जमाव, मोडतोड. डॉक्टरांची ही भीती खोटी नाही. पण पारड्यात बघा. एकीकडे अत्यंत दुर्मिळ रिॲक्शन, तीही हाताशी ॲड्रिनॅलिन ठेवलं तर सावरता येण्यासारखी. दुसरीकडे विशीतली मुलगी, बाळंतपणात धाप लागलेली, झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या यादीत. जिथे औषध हवंच, तिथे आपण घाबरतो. जिथे नकोच, तिथे बाटली संपवतो. हा उलटा कारभार मला अस्वस्थ करतो.

जुन्या औषधांबद्दल थोडक्यात सांगते. पन्नाशी-साठीच्या काही माणसांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. ती लहानपणीच्या टेट्रासायक्लिनची खूण. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना ते देऊ नये हे पुढे ठरलं. पण त्याच कुळातलं डॉक्सिसायक्लिन आज आम्ही लहान मुलांनाही देतो, स्क्रब टायफसमध्ये. २०१८ मध्ये विदर्भात या आजाराने कितीतरी माणसं आजारी पडली होती. गोचिडीसारख्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा ताप जीव घेऊ शकतो, डॉक्सिसायक्लिनने तो झपाट्याने उतरतो, आणि थोड्या दिवसांच्या औषधाने दात डागाळत नाहीत असं आता दिसून आलं आहे. सर्दीसाठी या कुळातलं औषध देणं अन्याय होता. स्क्रब टायफसमध्ये न देणं अन्याय ठरेल.

आणखी एक दुष्परिणाम आहे, जो कुठल्याच माहितीपत्रकावर छापलेला नसतो. पावसाळ्यात मुलाला ताप येतो. पहिल्याच दिवशी कोणीतरी अँटिबायोटिक सुरू करतं. पाचव्या दिवशीही ताप आहे म्हणून मूल माझ्याकडे येतं. टायफॉइड असेल का? खात्रीचा मार्ग रक्ताचं कल्चर. पण पोटात गेलेल्या अर्धवट औषधाने रक्तातले जंतू इतके दबलेले असतात की कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. मग विडाल ही रक्ततपासणी, जिच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. मग अंदाजाने आणखी भारी औषध. पहिल्या दिवशीच्या त्या दोन चमच्यांनी रोग बरा केला नाही, फक्त आमचे डोळे बांधले.

आणि हे एका मुलापुरतं राहत नाही. अँटिबायोटिक हे असं औषध आहे की ते एकानं घेतलं तर दुसऱ्यासाठी त्याची धार कमी होते. माझ्या मुलाच्या सर्दीत वापरलेल्या औषधाला सरावलेले जंतू शेजारच्या नवजात बाळाला होऊ शकतात. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारी औषधं १९९० च्या सुमारास निकामी होत गेली. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून तर सेफ्ट्रियाक्सोन या भारी अँटिबायोटिकलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. आपल्या ठाणे जिल्ह्यात याला एक चांगलं उत्तर शोधलं गेलं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या लशीची मोहीम घेतली, एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. देशात असं करणारी ती पहिली पालिका. जो आजार झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही आणि दुष्परिणामाचा प्रश्नच उरत नाही. न्यूमोनियाची पीसीव्ही लसही आता सरकारी केंद्रात मोफत मिळते. आणि पाणी. उल्हास नदीचं पाणी मोहन्याच्या उदंचन केंद्रातून उचलून कल्याण-डोंबिवलीला पुरवलं जातं. ज्या गावातून शहराला पाणी जातं त्या गावातल्या प्रत्येक घराच्या नळाला पुरेसं, स्वच्छ पाणी येणं हाही अँटिबायोटिकचाच प्रश्न आहे.

आता मघाचा प्रश्न. वजन करायचं कोणी आणि केव्हा?

पहिल्या दिवशी मूल तापाने आणलं, की कुठलाही प्रामाणिक डॉक्टर पुष्कळदा ठामपणे सांगू शकत नाही की हा विषाणू की जिवाणू. दोन दिवसांनी सांगू शकतो. ताप उतरला, मूल खेळायला लागलं, तर प्रश्न मिटला. चढत राहिला, श्वास वाढला, लघवीत दोष निघाला, तर औषध. म्हणजे वजन करायला लागतो तो वेळ, आणि दुसऱ्यांदा बघणं. 'दोन दिवसांनी पुन्हा दाखवा' हे माझ्या चिठ्ठीवरचं सर्वांत महत्त्वाचं औषध आहे.

आणि तेच मोहन्यात सर्वांत महाग आहे. इथला एनआरसी कंपनीचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हापासून इथल्या किती घरांची महिन्याची बांधलेली कमाई गेली, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज आई घरकामाला जाते, बाप सकाळची कसारा लोकल पकडून ठाण्या-मुंबईला रोजंदारीवर. एकदा दवाखान्यात आणलं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि डॉक्टरांची फी गेली. दोन दिवसांनी पुन्हा? त्यापेक्षा आजच काय ते द्या, असं ती म्हणते. तिनं केलेला हा हिशोब बरोबर आहे. तिला समजत नाही म्हणून ती अँटिबायोटिक मागते, असं जे आमच्यातले लोक म्हणतात त्यांना तिचं आयुष्य समजलेलं नाही. आणि डॉक्टरही तेच करतो. हे मूल परत येईलच याची त्याला खात्री नाही, रात्री बिघडलं तर काय, म्हणून तो लिहून टाकतो. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि मुलाच्या पोटात नको ते औषध जातं.

त्यात भर पुडीची. कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, चुरून अर्धी-अर्धी द्या. त्यात काय आहे, आईला माहीत नाही. पुरळ आलं तर कशाने आलं, कोण सांगणार? औषधाचं नाव कागदावर लिहून मिळणं हा तुमचा हक्क आहे, तो मागा. ज्या पट्टीवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१४ पासून काही भारी अँटिबायोटिक्ससाठी तर औषधवाल्याला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. आणि घरातली ती अर्धी उरलेली बाटली. पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालून केलेलं हे औषध साधारण सात दिवसच टिकतं, काही तर फ्रिजमध्ये ठेवलं तरच. मोठ्या भावाचं उरलेलं औषध त्याच्याच मापाने धाकट्याला द्यायचं नाही. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि चहाचा चमचा हे माप नव्हे.

दोन दिवस वाट बघायची म्हणजे काय बघायचं, तेही सांगते. मूल दूध-पाणी पितंय का. सगळं ओकून टाकतंय का. झोपाळलेलं, हाक मारली तरी न उठणारं झालंय का. लघवी होतेय का. झटके आले का. शीमध्ये रक्त आहे का. श्वास मोजा. यातलं एकही बिघडलं तर दोन दिवस नाही, त्याच क्षणी निघा. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी वाट बघायचीच नाही.

माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आणि आज इथे काही जण आले आहेत. तापाच्या मुलाची तीन दिवसांच्या आतली दुसरी तपासणी आपण विनामूल्य करू या. चिठ्ठीवर तसं छापून घेऊ या, म्हणजे आईला विचारायचा संकोच राहणार नाही. मी माझ्याकडे हे सुरू केलं आहे. आणि पालिकेकडे आपण सगळे मिळून मागणी करू या, की या भागातल्या आरोग्य केंद्रात मुलांसाठी संध्याकाळची ओपीडी असावी, शेवटचा माणूस लोकलमधून उतरून घरी येईपर्यंत चालणारी. कामावरून आलेल्या बापाला मूल घेऊन तिथे जाता आलं पाहिजे, आणि तिथे बसलेल्या परिचारिकेकडे घड्याळ, वजनकाटा आणि पाच मिनिटं असली पाहिजेत. निवेदनाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो दाराशी ठेवलेला असेल. वाचा, त्यात काही भर घालायची असेल तर घाला, आणि सही करा. पावसाळ्याच्या आत तो पालिकेत पोचवायचा आहे.